कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना दुखण्याची गोळी कशी घ्यावी

कोलेस्टेरॉलची गोळी नुकतीच सुरू झालेला माणूस मेडिकलमध्ये येतो तेव्हा त्याचे प्रश्न बहुतेक वेळा जेवणाविषयी असतात. पांढरा रस्सा पूर्ण बंद करायचा का, कट्ट्यावरचे धारोष्ण दूध चालेल का, रविवारच्या मटणाचे काय करायचे, हे तो अगदी बारकाईने विचारून घेतो. तोच माणूस महिन्याभराने गुडघा चोळत येतो आणि ‘एक दुखायची गोळी द्या’ एवढेच म्हणतो. या गोळीचा त्या गोळीशी काही संबंध असेल असे त्याच्या मनातही आलेले नसते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या औषधदुकानात काउंटरमागे बरीच वर्षे उभे राहिल्यावर मला असे वाटू लागले आहे की विचारायचा प्रश्न खरा हाच आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, म्हणजे उगाच भीती राहणार नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांचे आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचे योग्य मात्रेत आपसात फारसे भांडण नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे म्हणून डोके दुखत असताना सोसत बसण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो भोवतालच्या गोष्टींमुळे: ज्याला आपण ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतो तिच्यात आणखी काय आहे, तिच्या शेजारी डब्यात दुसऱ्या कोणत्या गोळ्या आहेत, आणि जे दुखते आहे ते मुळात कशामुळे दुखते आहे.

आधी सगळ्या पट्ट्या पाटावर मांडा

घरातल्या डब्यातल्या, पर्समधल्या, गाडीच्या डिकीतल्या आणि फ्रिजवर ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या एकत्र आणाव्यात आणि प्रत्येकीच्या मागचा मजकूर चष्मा लावून वाचावा. मोठ्या अक्षरातले व्यापारी नाव या कामी उपयोगाचे नाही. त्याच्या सोबत ‘प्रत्येक गोळीत अमुक घटक इतके मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते, ते हवे. मजकूर इंग्रजीत असतो आणि पट्टी अर्धी फाडलेली असली तर नेमका तोच भाग गेलेला असतो, म्हणून गोळ्या काढताना नावाच्या उलट्या टोकाकडून काढाव्यात. देशातल्या ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. घरातल्या मुलाला तो मोबाइलवर धरायला सांगितला की घटकाचे नाव समोर येते.

हे करायला सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे हृदयरोगाच्या औषधांत दोन-तीन घटक एकाच कॅप्सूलमध्ये भरण्याची पद्धत फार आहे. इकोस्प्रिन एव्ही घ्या. तिच्यात ॲस्पिरिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन दोन्ही आहेत. रोसुव्हास गोल्ड या कॅप्सूलमध्ये रोसुव्हास्टॅटिनच्या जोडीला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन औषधे आहेत. घेणारा मात्र ‘मला फक्त कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे’ असेच सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच समजावलेले असते. ज्याच्या पट्टीवर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हे शब्द सापडतील, त्याच्यासाठी पुढचे सगळे नियम एक घर कडक होतात. पाण्यात विरघळवून घ्यायची डोकेदुखीची जुनी गोळी डिस्प्रिन, तीही ॲस्पिरिनच आहे, तेव्हा ती अशा माणसाने डोके दुखते म्हणून वर आणखी घेऊ नये.

रक्तदाबाच्या गोळ्याही याच वेळी पाहून घ्याव्यात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांपैकी काही आहे का आणि त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असे लघवी वाढवणारे औषध आहे का, हे एका कागदावर लिहून ठेवावे. त्या कागदाचे काम पुढे येणार आहे.

दुखणे कसले आहे ते ओळखा

डोकेदुखी, ताप, दात, मुरगळलेला पाय यांत फारसा विचार करावा लागत नाही. विचार करायचा तो अंगदुखीचा, कारण स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, आणि ते दुखणे वेदनाशामकाने झाकले गेले तर डॉक्टरांना त्याचा पत्ता लागत नाही.

स्टॅटिनमुळे होणारी स्नायूदुखी सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, पोटऱ्या, कुल्ले, खांदे असे मोठे स्नायू जड पडतात. एकाच गुडघ्यात कळ येते किंवा फक्त उजवी टाच सकाळी दुखते, तसे ते नसते. गोळी सुरू झाल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते जाणवू लागते. दुखण्यापेक्षा अशक्तपणा अधिक महत्त्वाचा. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींनी तो अचूक सांगितला होता: ‘दुखत काय न्हाई बघा, पण जेवून पाटावरनं उठताना हात टेकल्याशिवाय उठवत न्हाई.’ असे वाक्य कानावर आले की त्या दिवशी वेदनाशामक न देता डॉक्टरांकडे पाठवावे, हे मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे.

मात्र प्रत्येक अंगदुखीचे खापर स्टॅटिनवर फोडू नये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे मांडले त्यानुसार, स्टॅटिन घेणाऱ्यांनी केलेल्या स्नायूंच्या तक्रारींपैकी साधारण १५ पैकी एकच तक्रार खरोखर त्या गोळीमुळे होती, बाकीच्या तशाही झाल्याच असत्या. पन्नाशीनंतर अंग दुखतेच. म्हणून आपण होऊन गोळी बंद करणे हा उपाय नव्हे. विशेषतः ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्याने ती परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. थायरॉइड कमी असणे, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, जास्त मद्यपान आणि उतारवय यांमुळे स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे गोळीला दोष देण्याआधी डॉक्टर या गोष्टी तपासतात.

शंका असेल तेव्हा डॉक्टर सीपीके ही रक्ततपासणी सांगतात. स्नायूंना इजा झाली की त्यांतले क्रिएटिन कायनेज हे द्रव्य रक्तात उतरते, तेच इथे मोजले जाते. त्याचे प्रमाण नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या १० पटींहून जास्त निघाले तर प्रकरण गंभीर समजतात. या तपासणीत कोल्हापूरकरांची दोन हमखास गफलती होतात. एक, तालमीतली. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटले की तरुणपणी लाल मातीत घोळलेला माणूस पुन्हा जोर-बैठका सुरू करतो, पहिल्याच आठवड्यात शंभराचा आकडा गाठतो, आणि त्या श्रमानेच सीपीके चढते. दुसरी गफलत इंजेक्शनची. ‘गोळ्या नकोत, एक सुई मारा’ म्हणून कमरेखाली वेदनाशामकाचे इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी रक्त दिले, तर स्नायूत टोचलेल्या त्या सुईनेही आकडा वाढलेला दिसतो. म्हणून सीपीके करायची असेल तर आधीचे काही दिवस जड व्यायाम टाळावा आणि इंजेक्शन घेतले असेल तर तसे सांगावे.

लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, अंग फार दुखते आहे, पाय उचलत नाहीत, अशी अवस्था क्वचितच येते, पण आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायू वेगाने मोडू लागले की त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकतात, आणि त्यावर पुन्हा डायक्लोफेनॅकसारखी गोळी पडली तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो.

आणखी एक दुखणे आहे ज्यावर दुकानात गोळी मागूच नये. छाती भरून येणे, जबडा, डावा हात किंवा पाठ आवळल्यासारखी दुखणे, सोबत घाम किंवा दम, असे झाले तर १०८ ला फोन करावा. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत छातीत कळ न येता नुसता दम किंवा मळमळ असेही होऊ शकते. ‘गॅस झालाय’ म्हणून ॲसिडिटीचे पाकीट घेऊन गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिली गोळी पॅरासिटामॉलचीच, पण मोजून

स्टॅटिन घेणाऱ्यासाठी ताप, डोकेदुखी आणि साध्या अंगदुखीवर पहिली निवड पॅरासिटामॉल. ते पोटाला लागत नाही, रक्तस्रावाची शक्यता वाढवत नाही, रक्तदाबाच्या गोळ्यांशी सहसा भांडत नाही. प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे. वयस्क, किरकोळ अंगाची, रोज पिणारी किंवा यकृताचा आजार असलेली माणसे यांनी ही मर्यादा आपली समजू नये. त्यांच्यासाठी डॉक्टर सहसा ३ ग्रॅम किंवा त्याहून कमी सांगतात. स्टॅटिन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे यकृताशी संबंधित आहेत, त्यामुळे ‘एकत्र घेतली तर लिव्हर जाईल’ असे लोक म्हणतात. मर्यादेत घेतल्यास तसे होत नाही. यकृत जाते ते मोजणी चुकल्यावर.

आणि मोजणी चुकते ती अशी. सर्दी-तापाने बेजार झालेला एक माणूस धरा. त्याने तापासाठी डोलो ६५० दिवसातून चार वेळा घेतली, म्हणजे २६०० झाले. नाक चोंदले म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा घेतली. तिच्यातही सहसा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे आणखी १५००. अंग मोडून आले म्हणून शेजाऱ्याने दिलेली झिरोडॉल पी सकाळ-संध्याकाळ. तिच्यात ॲसिक्लोफेनॅक १०० च्या जोडीला पॅरासिटामॉल ३२५ आहे, म्हणजे ६५० अजून. बेरीज ४७५०. या माणसाने कुठलीच गोळी ‘जास्त’ घेतलेली नाही. त्याने तीन वेगळ्या नावांची तीन औषधे घेतली, एवढेच त्याला माहीत आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० सोबत पॅरासिटामॉल ३२५ असते. सॅरिडॉनमध्येही पॅरासिटामॉल आहेच. म्हणून नियम एवढाच की एका वेळी पॅरासिटामॉल असलेली एकच पट्टी उघडी ठेवावी, बाकीच्या त्या आठवड्यापुरत्या कपाटात टाकाव्यात.

पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने तीन-चार दिवसांपलीकडे चालवू नये. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉल रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण नियमित घेतल्यास रक्त अधिक पातळ होऊ शकते.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन

कंबर, गुडघे आणि मुरगळ यांवर ‘पॅरासिटामॉलनं काय होत नाही, जरा भारी द्या’ अशी मागणी होते, तेव्हा या गटातली औषधे मनात असतात. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची औषधे आहेत. प्रत्यक्षात काय चालते हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, म्हणूनच हा भाग जरा सविस्तर लिहितो.

ज्याला कोलेस्टेरॉलची गोळी दिली आहे त्याच्या हृदयाची किंवा रक्तवाहिन्यांची कुणाला तरी काळजी वाटली आहे, म्हणून ती दिली आहे, हे आधी लक्षात घ्यावे. हा गट नेमका तिथेच बोट घालतो. तो रक्तदाब चढवतो, अंगात पाणी धरून ठेवतो, आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांची शक्यता वाढवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा इशारा २०१५ मध्ये अधिक कडक केला, आणि युरोपात २०१३ पासून हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदय कमकुवत झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे ठरले आहे. स्टेंट बसलेल्या माणसाने कंबरदुखीसाठी शेजाऱ्याची पट्टी अर्धी करून आणणे हा म्हणूनच साधा व्यवहार नाही.

ॲस्पिरिन चालू असलेल्यांना यात आणखी एक अडचण येते. आयबुप्रोफेन आधी पोटात गेले तर ते ॲस्पिरिनची जागा अडवते, आणि गुठळी रोखण्याचे ॲस्पिरिनचे काम त्या दिवशी नीट होत नाही. डॉक्टरांनी दोन्ही घ्यायला सांगितलेच असेल तर साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने, किंवा ॲस्पिरिनच्या आधी आठ तासांहून जास्त वेळ, असे आयबुप्रोफेन घ्यावे. आपल्याकडच्या ॲस्पिरिनच्या बऱ्याच गोळ्या मात्र आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या असतात, आणि त्यांना हे वेळेचे गणित लागू पडत नाही. म्हणून घड्याळ पाहत बसण्यापेक्षा पॅरासिटामॉल बरे. शिवाय ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि या गटातले वेदनाशामक एकत्र आले की जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले तर मूळव्याध समजून थांबू नये.

आता त्या कागदाकडे या. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, त्याच्या जोडीला लघवीची गोळी, आणि वर या गटातले वेदनाशामक असे तिन्ही एकत्र आले, अंगात पाणी कमी असले, की मूत्रपिंड अचानक बसू शकते. तिन्ही औषधे वेगवेगळ्या बाजूंनी मूत्रपिंडातला रक्ताचा दाब कमी करतात. ही चूक माझ्याच घरात झाली आहे आणि ती माझ्या हातून झाली आहे. चैत्र यात्रेला आण्णा पायी जोतिबाला निघाले. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी मीच रोज काढून देत होतो. आदल्या रात्री गुडघ्यासाठी ॲसिक्लोफेनॅकची पट्टीही मीच खिशात घातली. एप्रिलचे ऊन, गर्दीत पाणी कमी, आणि दोन दिवसांत त्यांनी पाच गोळ्या संपवल्या. गुलालाने माखून परत आले, पाय सुजलेले, लघवी दिवसभरात जेमतेम एकदा. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन ०.९ वरून २.४ वर गेले होते. सलाइन आणि आठवडाभराची विश्रांती यांवर ते पूर्ववत झाले. आता आमच्या घरी यात्रेच्या पिशवीत पॅरासिटामॉल आणि मीठ-साखर असते.

हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा इतिहास नसलेल्या, रक्तदाब आटोक्यात असलेल्या आणि रक्त पातळ करणारे काही न घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या सांगण्याने दोन-तीन दिवस, जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत यांतली एक गोळी घेतली तर स्टॅटिनमुळे तिला आडकाठी नाही. एकाच वेळी यांतल्या दोन गोळ्या कुणीच घेऊ नयेत. जेवणानंतर घेतल्याने पोटातली जळजळ कमी होते, पण रक्तस्रावाचा धोका संपत नाही. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली की सगळे सुरक्षित, हाही समज अर्धाच खरा आहे. ती जठर सांभाळते, मूत्रपिंड आणि हृदय सांभाळत नाही.

गुडघा किंवा खांदा असा एकच सांधा दुखत असेल तर मलमाचा विचार आधी करावा. डायक्लोफेनॅकच्या जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत साधारण सहा टक्केच असते. ते चोळून लगेच गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, आणि जखमेवर लावू नये. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मात्र कुणी कितीही गुण सांगितला तरी घेऊ नयेत. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले सापडले आहे, आणि दोन दिवसांत चमत्कार दिसतो तो बहुधा त्यामुळेच.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्याने ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे ॲसिडिटीचे गुलाबी-पांढरे पातळ औषध त्याच वेळी घेतले तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचे रक्तात जाणारे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. दोन तास थांबून मग ते औषध घ्यावे.

घसा दुखतो म्हणून जुन्या चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन आणू नये. ते ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचे शरीरातले विघटन रोखते, त्यांची रक्तातली पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. डॉक्टरांना ते द्यायचेच असेल तर ते स्टॅटिन काही दिवस थांबवतात किंवा दुसरे प्रतिजैविक निवडतात, पण त्यासाठी त्यांना स्टॅटिन चालू असल्याचे कळायला हवे.

मेडिकलमध्ये उभे राहिल्यावर

‘दुखायची गोळी द्या’ याऐवजी पुढचे वाक्य पाठ करावे: ‘मला कोलेस्टेरॉलची अमुक आणि बीपीची अमुक गोळी चालू आहे, रक्त पातळ करणारी आहे किंवा नाही, आणि कंबर दोन दिवस दुखते आहे, पॅरासिटामॉलने भागेल का?’ संध्याकाळच्या गर्दीत हे बोलायला संकोच वाटत असेल तर कागद पुढे करावा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर घटकांची नावे, मात्रा, शेवटच्या तपासणीतले क्रिएटिनिन आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहून तो मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवणारे दोघे-तिघे आमच्याकडे येतात. त्यांना औषध द्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. ज्यांच्याकडे तसे काही नसते त्यांना आम्ही घरी फोन लावून पट्टीच्या मागचा फोटो मागवायला सांगतो. तेवढा वेळ बाकावर बसून घ्यावे.